परत न आलेल्यांची यादी

बिराजदार सर,

तुम्ही गेल्यावर पेपरात जी चौकट आली, ती अक्कांनी कापून ठेवलीय. कॉलेजात किती वर्षं संख्याशास्त्र शिकवलंत, कुठल्या कमिट्यांवर होतात, मागे कोण कोण आहे, सगळं त्यात आहे. मी ती दोनदा वाचली. दोन्ही वेळा वाटलं, हे तुम्हाला दाखवलं असतं तर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "बरोबर आहे की सगळं. पण ह्यावरनं माणूस कळत नाही." म्हणून लिहायला बसले. वाचायला तुम्ही नाही, आणि दुसऱ्या कुणाला दाखवण्याची मला हिंमत नाही, तरी बसले.

तुमचा श्वास थांबला तेव्हा मी एका बाईच्या पायाची जखम साफ करत होते. फोन सिस्टर अनसूयानं घेतला आणि मी हातमोजे उतरवेपर्यंत मला काही सांगितलं नाही. तुमच्या घरी पोचले तर, तुमच्यातल्या रीतीप्रमाणं, तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, समोर भजन चाललेलं. मी आधी काय केलं असेल, तर तुमच्या पायांकडे बघितलं. सवय. मधुमेह्यांचे पाय बघण्यातच माझी डॉक्टरकी गेली. तुमचे दोन्ही पाय स्वच्छ होते, टाचांना भेगा नाहीत, नखं सरळ कापलेली. मी सांगितलं होतं तशीच. तिथं मला रडू फुटलं.

आपली ओळखही पायामुळंच झाली. तुमच्या पत्नीच्या, अक्कांच्या, चपलेतला खिळा वर आला होता आणि साखरेनं बधिर झालेल्या तळव्याला तो चार दिवस कळलाच नाही. तुम्ही त्यांना घेऊन आलात. मग दीड महिना, एक दिवसाआड, ड्रेसिंगला. अक्का आत आणि तुम्ही बाहेर बाकावर, समोरच्या दोन लोखंडी कपाटांकडे बघत. एक दिवस मला थांबवून विचारलंत, "ह्यात काय आहे?"

"जुने केसपेपर."

"कोण वाचतं?"

"कुणी नाही. ठेवावे लागतात म्हणून ठेवतो."

"अहो डॉक्टरबाई," तुम्ही खरोखर दुखावल्यासारखे बोललात, "एवढी माणसं तुम्हाला काहीतरी सांगून गेली आणि तुम्ही त्याला कुलूप घातलंय?"

मी तेव्हा जरा मिजाशीतच होते. जखमेवर लावायचं एक नवं मलम मी काही वर्षांपासून वापरत होते, आणि माझी खात्री होती की त्यानं पाय वाचतात. साध्या मिठाच्या पाण्याच्या पट्टीपेक्षा कितीतरी अधिक. डॉक्टरांच्या वार्षिक संमेलनात त्यावर निबंध वाचायचा असं ठरवलंही होतं. तुम्हाला मी म्हटलं, "ह्या कपाटांत माझा पुरावा आहे. तुम्ही फक्त टक्के काढून द्या."

तुम्ही ड्रेसिंगरूमच्या दाराकडे बघितलंत. अक्का पट्टी नवी करून हळूहळू बाहेर येत होत्या. "हिला तुम्ही ते मलम लावलं आणि ही बरी होतेय," तुम्ही म्हणालात. "आता मलम लावलं नसतं तर ही बरी झाली असती का? ते कळायला मला अगदी हिच्यासारखी दुसरी बायको पाहिजे, तोच खिळा, तोच पाय, फक्त मलम नाही."

"आणा की दुसरी," अक्का म्हणाल्या. "भाकऱ्या तरी ती थापेल."

तुम्ही मोठ्यानं हसलात. मग मला म्हणालात, "दुसरी बायको नाही म्हणून तर संख्याशास्त्र आहे, डॉक्टरबाई."

त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी तीनच्या ठोक्याला तुम्ही यायला लागलात. एकेक केसपेपर काढून मोठ्या आखीव कागदावर उतरवायचात. वय, गाव, साखर, जखम होऊन किती दिवसांनी आला, मलम की साधी पट्टी, शेवट काय. माझं अक्षर लागलं नाही की पेपर घेऊन थेट तपासणीच्या खोलीत. पेशंट समोर बसलेला असायचा आणि तुम्ही विचारायचात, "हे 'बरा' आहे की 'बारा'?" मला राग यायचा. अनसूयाला मात्र तुम्ही पहिल्याच आठवड्यात जिंकलंत. तुमच्या पिशवीत शेंगाचटणीची पुडी असायची आणि चहाबरोबर ती कशी खायची ते तुम्ही तिला शिकवलंत.

मग तो शुक्रवार आला. तुम्ही माझ्यापुढं कागद पसरलात आणि म्हणालात, "पुष्कळ पेपरांना शेवटची ओळच नाही. चार वेळा ड्रेसिंगला आले, पाच वेळा आले, मग काही नाही. ह्यांचं काय झालं?"

"बरे झाले. बरा झालेला माणूस दवाखान्यात कशाला येईल?"

"कशावरून?"

"अनुभवावरून, सर."

"अनुभव तुम्हाला आलेल्यांचा आहे. मी न आलेल्यांचं विचारतोय."

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. मलम कुणाला लावलं आणि साधी पट्टी कुणाला, हेही विचारलंत. मी सांगितलं, मलमाची पट्टी एक दिवसाआड बदलावी लागते, म्हणून ते बहुतेक गावातल्या, जवळच्या लोकांना. लांबून येणाऱ्यांना सहसा साधी पट्टी, घरी बांधता येईल अशी. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "मग तुम्ही मलमाची परीक्षा घेतलीच नाही. सोलापुरात राहण्याची घेतलीत. जवळचा माणूस जखम झाल्या झाल्या येतो. लांबचा पाय काळा पडल्यावर येतो. मलमानं पाय वाचला की लवकर येण्यानं?"

आज हे किती सरळ वाटतं. त्या दिवशी मला वाटलं, माझी सगळी वर्षं कुणी एका वाक्यात पुसून टाकतंय. आणि मी बोलून गेले. शब्द मला अजून पाठ आहेत. "तुम्ही जन्मभर फळ्यावर गणितं केलीत, सर. सडलेल्या जखमेचा वास तरी घेतलाय का कधी?"

तुम्ही कागद गोळा केलेत, चष्मा डबीत घातलात आणि 'येतो' न म्हणता गेलात.

मंगळवारी तुम्ही येणार नाही असं मी धरून चालले होते. तुम्ही आलात, तेही सकाळी नऊला. म्हणालात, "वास घ्यायला आलोय." आणि ड्रेसिंगरूममध्ये कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसलात. दुपारी एकपर्यंत. तिसऱ्या पेशंटला तुम्ही पांढरेफटक पडलात. अनसूयानं डोकं गुडघ्यात घालायला लावलं, पाणी पाजलं, घरी जा म्हणाली. तुम्ही हलला नाहीत. एका म्हाताऱ्याच्या पायाला मी चिमटा लावला तेव्हा त्यानं तुमचा हात धरला आणि तुम्ही तो शेवटपर्यंत सोडला नाहीत. सगळं आवरल्यावर माझ्याकडे वळून म्हणालात, "आता परत विचारू का? जे आले नाहीत त्यांचं काय झालं?"

मी म्हटलं, विचारा.

यादी तुम्ही केलीत. परत न आलेल्यांची. अनसूया फोन लावायची आणि बहुतेक नंबर बंद असायचे. मग आपण रविवारी निघायला लागलो, माझ्या गाडीतून. शेजारी तुम्ही, मांडीवर फळी, तिला चिमट्यानं लावलेले कागद. बार्शीच्या बाजारात बांगड्या विकणारी ती बाई आठवते? आपण इतक्या लांबून चौकशीला आलो ह्याचा तिला आनंद नाही, रागच आला. "बरी झाले की! आता काय पायाची आरती ओवाळायला येऊ दवाखान्यात?" मी विजयी मुद्रेनं तुमच्याकडे बघितलं. पण माझ्याहून तुम्ही खूश झाला होतात. रकाना भरलात आणि अक्कांसाठी हिरव्या बांगड्या घेतल्यात.

आणि मग मंगळवेढ्याच्या पुढचा म्हाळप्पा.

मेंढरं राखणारा माणूस. पायात बाभळीचा काटा मोडून जखम चिघळली होती. माझ्याकडे चार वेळा आला. शेवटच्या वेळी जखम लाल, ताजी, भरत आल्यासारखी दिसत होती, म्हणून मी त्याला मनातल्या मनात 'बरा' ठरवून टाकलं होतं. आपण गेलो तेव्हा तो कडुनिंबाखाली बाजेवर बसला होता. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"आवं बाई, तुमी हितं कुटनं?" त्यानं उठायचा प्रयत्न केला.

त्याची बायको तांब्या घेऊन बाहेर आली. मी विचारलं, हे कधी झालं? तिनं सांगितलं. माझ्याकडून गेल्यावर पंधरा दिवसांत पाय परत सुजला, ताप भरला, दुसऱ्या गावी नेला, तिथं कापला.

"मग माझ्याकडे का नाही आलात?"

ती नुसती पदराशी चाळा करत राहिली. तुम्ही बाजेच्या कडेला बसलात आणि हळूच म्हणालात, "सांगा की. बाई रागावणार नाहीत."

"कसं यायचं?" ती म्हणाली. "बाईनी लई मनापासनं केलं व्हतं. पाय गेला म्हनून सांगाय यायचं, म्हंजी बाईलाच बोल लावल्यावानी न्हवं का?"

त्यांनी आपल्याला उपाशी जाऊ दिलं नाही. म्हाळप्पा दोन्ही हातांवर जोर देऊन सरकत तुमच्या ताटाकडे आला आणि दूध वाढ म्हणून बायकोला ओरडला. मेंढरं आता भाऊ राखतो, असं सांगताना हसत होता.

परतताना मी गाडी रस्त्याकडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले.  मग तुम्ही खिशातलं पेन काढल्याचा आवाज आला.

"काय करताय?"

"रकाना भरतोय."

"रकाना?" मी किंचाळलेच. "तो म्हाळप्पा आहे, सर! रकाना नाही."

तुम्ही पेन थांबवलंत. तुमचा आवाज कधी चढला नाही, तेव्हाही नाही. "म्हाळप्पासाठी तुम्ही रडलात, मलाही वाईट वाटलं. पण म्हाळप्पासारखे किती आहेत ते कळलं नाही, तर उद्या पुढच्या माणसाला तुम्ही तसंच घरी पाठवाल आणि 'बरा' म्हणाल. हा कागद म्हाळप्पासाठी नाही. त्याच्यामागून येणाऱ्यासाठी आहे."

सोलापूर आलं. सात रस्त्याच्या सिग्नलला मी विचारलं, "माझी चूक होती का?" तुम्ही विचार केलात, अगदी हिरवा दिवा लागून मागचे हॉर्न वाजवायला लागेपर्यंत. "माहीत नाही," म्हणालात. "त्याचं गणित माझ्याकडे नाही." दुसऱ्या कुणी माझी समजूत घातली असती. तुम्ही घातली नाहीत, आणि त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास बसला.

यादी जवळजवळ संपल्यावर तुम्ही पुन्हा मांडणी केलीत. जवळच्यांची तुलना जवळच्यांशी, लांबच्यांची लांबच्यांशी, लवकर आलेल्यांची लवकर आलेल्यांशी. मलमाचा सगळा तोरा उन्हात ठेवलेल्या बर्फासारखा गेला. ठळक उरलं ते एकच. जखम झाल्यावर जो लवकर पोचला आणि ज्याची विचारपूस होत राहिली, त्याचा पाय बहुधा राहिला. मग त्यावर काहीही बांधलेलं असो.

पहिला निबंध मी फाडला. संमेलनात मी माझंच म्हणणं खोडून काढणारा दुसरा वाचला.  एका ज्येष्ठ डॉक्टरांनी उठून विचारलं, "म्हणजे एवढी वर्षं तुम्ही उगाचच ते मलम लावत होतात?" सभागृहात थोडं हसू पसरलं. मी म्हटलं, "हो. आणि कपाटं उघडली नसती तर उद्याही लावलं असतं." शेवटच्या रांगेतून टाळ्यांचा आवाज आला. एकट्याच माणसाच्या. संख्याशास्त्रज्ञानं असं एकट्यानं टाळ्या वाजवू नयेत, सर, नमुना फार लहान पडतो.

आता लांबच्या पेशंटच्या घरच्यांना अनसूया पहिल्याच दिवशी पट्टी बांधायला शिकवते. शेजाऱ्याचा सुद्धा फोन नंबर घेते. आठव्या दिवशी फोन जातो, पंधराव्या दिवशी जातो, आणि पहिलं वाक्य तुम्ही लिहून दिलेलंच असतं. "बरं नसलं तरी सांगा, बाई रागावत नाहीत." त्या वाक्यावर आलेली माणसं मी बघितलीत. सुजलेले पाय घेऊन, संकोचत, पण वेळेत.

आपलं भांडण मात्र अर्धवटच राहिलं. मला सरळ लिहायचं होतं, 'हे मलम निरुपयोगी आहे.' तुम्ही प्रत्येक मसुद्यात ते खोडलंत आणि वर लिहिलंत, 'आम्हाला फरक आढळला नाही.' मी म्हणायची, एकच की! तुम्ही म्हणायचात, "अंधारात मांजर दिसलं नाही म्हणजे घरात मांजर नाही असं होत नाही." मी म्हणायची, तुम्ही संख्यावाले पळवाटा ठेवता. तुम्ही म्हणायचात, तुम्ही डॉक्टर लोक फार लवकर दार लावता. तुम्ही जाण्याच्या आदल्या शुक्रवारीही ह्यावरनंच चहा थंड झाला. सर, मला अजूनही वाटतं की ते मलम निरुपयोगी आहे. पण छापायला पाठवलेल्या प्रतीत तुमचं वाक्य ठेवलंय. तुम्ही नाही म्हणून नव्हे. तुमचं बरोबर आहे म्हणून.

आणि ते वासाचं बोलणं. त्याची माफी मी कधी मागितली नाही. तुम्ही त्याचा विनोद करून टाकलात, येईल त्याला सांगत सुटलात, "डॉक्टरबाईंनी मला वास घ्यायला बोलावलं होतं." मीही हसत राहिले. हसण्यात माफी मागायची राहूनच गेली. सर, मी चुकले होते. मी हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

आता गेल्या रविवारचं सांगते.

यादीत एकच नाव उरलं होतं. अक्कलकोटच्या पलीकडलं, अगदी सीमेवरचं गाव, सगळी बोली कन्नड. ते तुम्ही मुद्दाम मागे ठेवलं होतंत, कारण तिथं तुमच्याशिवाय माझा उपयोग नव्हता. आपण पुढच्या महिन्यात जाणार होतो. मी अक्कांना भेटायला गेले तेव्हा सहज बोलले, की ते नाव आता तसंच राहणार. अक्का भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, "का राहील? मी येते. माझं माहेर तिकडचंच हाय."

तुमचे धाकटे भाऊ आत बसले होते. "वैनी, महिना पण झाला नाही अजून," ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोक कन्नड बोलतात तिथं," अक्का म्हणाल्या. "डॉक्टरबाईला कळायचं नाही. मला कळतं."

गाडीत त्या तुमच्याच जागेवर बसल्या. वाटेत एकदाही रडल्या नाहीत. वळसंग मागं पडल्यावर म्हणाल्या, "रविवारी हे कुटं जातात म्हनून मी लई चिडायची. घरात बसा की, म्हनायची. आता बगते तरी कुटं जात होते ते."

घर सापडलं. दारात एक म्हातारी तूर निवडत होती. अक्का तिच्याशेजारी सरळ जमिनीवर बसल्या आणि बोलायला लागल्या. बोलता बोलता सुपातली तूर त्याही निवडायला लागल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. म्हातारीनं कपाळाला हात लावला, मग अक्कांच्या मोकळ्या कपाळाकडे बघून काही विचारलं. अक्कांनी सांगितलं. म्हातारीनं सूप बाजूला सारलं आणि अक्कांना जवळ ओढलं. त्या दोघी तशाच बसल्या, आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदा अक्का मोकळ्या झाल्या. मी कागद हातात धरून उभी. मला वाटलं, गेला असणार तो माणूस. ह्या दोघी एकमेकींच्या माणसांसाठी रडताहेत.

खूप वेळानं अक्कांनी डोळे पुसले. माझ्याकडे वळल्या.

"तिचा मुलगा शेतात गेलाय," म्हणाल्या. "बोलवायला पाठवलंय. भाकरी खाऊन जा म्हनते."

तो बांधावरून येताना दिसला. डोक्याला पंचा, खांद्यावर खोरं. उजवा पाय जरा ओढत होता, पण दोन्ही पायांवर होता. मी त्याला खाटेवर बसवलं आणि तळवा हातात घेतला. जुनी खूण पांढरी पडली होती. माझ्या कागदाप्रमाणं त्याला साधीच पट्टी बांधली होती. मी त्याचा पाय धरून बसले, उठलेच नाही, तेव्हा तो बावचळून आईकडे बघायला लागला.

शेवटचा रकाना भरायचा होता. पेन काढलं आणि अडले. पाय ओढतो, तर त्याला 'बरा' म्हणायचं की 'अंशतः'? असल्या प्रश्नांवर तुम्ही तासभर वाद घातला असता. मी अक्कांना विचारलं.

अक्का हात धुऊन भाकरी थापायला बसल्या होत्या, दुसऱ्याच्या चुलीपुढं, आपलीच असल्यासारख्या. मान वर न करता म्हणाल्या, "चालतोय न्हवं? मग तसंच लिवा की."

तसंच लिहिलंय, सर. 'चालतो.'